जेसीबी येण्याआधीची लढाई

मुंबईतल्या आरेतली झाडं ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री पडायला लागली. मेट्रो-३ च्या कारशेडविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने त्याच दिवशी फेटाळल्या होत्या आणि अंधार पडल्यावर करवती सुरू झाल्या. फोनवरून बातमी पसरली, माणसं धावत आली, रस्ते अडवले गेले, जमावबंदी लागू झाली, २९ जणांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. त्या दिवसांची छायाचित्रं देशभर गेली. मुंबईतल्या पर्यावरण चळवळीचं नाव निघालं की आजही अनेकांच्या डोळ्यांपुढे तीच उभी राहतात.

त्याच आरेसाठी चार वर्षं आधी आणखी एक लढाई झाली होती आणि ती लोकांनी जिंकली होती. तिचं छायाचित्र कोणाला आठवत नाही. मुंबईच्या २०१४-३४ च्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात आरेची जमीन बांधकामांना खुली करण्याचा प्रस्ताव होता. नागरिकांनी नकाशे उघडून आपापल्या वॉर्डाची पानं तपासली, चुका दाखवल्या, हरकतींचा ढीग लावला. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदाच मागे घेतला आणि आराखडा नव्याने करायला सांगितला. कारशेड मात्र वेगळ्या फाइलीतून पुढे सरकत राहिली आणि आज ती आरेतच उभी आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या जमिनीच्या लढ्यांकडे एकत्र पाहिलं की मला हाच धागा पुन्हा पुन्हा दिसतो. मसुदा, नकाशा, अधिसूचना या टप्प्यावर लोक पोचले तर जिंकण्याची शक्यता खरी असते. यंत्रं दारात आल्यावर जाग आली, तर हाती लागतो तो बहुतेकदा थोडा वेळ. आणि नकाशा लोकांना वेळेत, समजेल अशा रूपात दिसणारच नाही, अशी आपल्याकडची घडी बसलेली आहे. चळवळ उशिरा जागी होते असा दोष लोकांना देण्याआधी ही घडी तपासायला हवी.

सुरुवात मुळशीपासून करावी लागते. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांच्या कंपनीने नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरवलं आणि मावळ्यांच्या शेतांत खणती सुरू झाल्यावरच त्यांना त्याचा सुगावा लागला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा त्याच लढ्याची. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे तुरुंगात गेले, बायका कामाच्या जागी ठाण मांडून बसल्या. धरण झालंच. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यातली एक गोष्ट आजच्या लढ्यांनाही तंतोतंत लागू पडते. जमिनी बऱ्याच अंशी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या आणि कसणारे मावळे होते. नुकसानभरपाईचा आकडा समोर येताच सावकारांचा विरोध मावळला आणि मावळे एकटे पडले. कागदावर नाव कोणाचं आणि जगणं कोणाचं, यातली फट प्रकल्प आणणाऱ्यांच्या कामी येते. कोकणात खातेदार मुंबईत असतो आणि गुरं चारणारा गावात. दलाल आधी मुंबईतल्या खातेदाराला गाठतो.

नव्वद वर्षांनी त्याच मुळशी तालुक्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा या खासगी शहरासाठी डोंगर कापले गेले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली ती नोव्हेंबर २०१० मध्ये. तोवर रस्ते आणि इमारती उभ्या होत्या. वर्षभराने अटी घालून मंजुरी मिळाली, २०१८ मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कापलेला उतार परत भरून निघाला नाही. आधी बांधा, मंजुरी मागून घ्या, हा रस्ता कायद्याने बंद असावा, यासाठी मुंबईच्या वनशक्ती संस्थेने पुढे सर्वोच्च न्यायालयात लढा दिला. १६ मे २०२५ ला न्यायालयाने मागाहून मंजुरी देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. मुळशीपासून आजवरच्या या प्रवासात मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे: मिळवलेलं टिकत नाही, ते दर काही वर्षांनी पुन्हा मिळवावं लागतं.

गोव्याइतकं हे कुठेच स्पष्ट दिसत नाही, म्हणून तिथे जरा थांबतो. २००६ मध्ये गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. शेतं, बागायती, डोंगरउतार यांचे मोठे पट्टे त्यात वस्तीच्या रंगात रंगले होते. डॉक्टर, वास्तुविशारद, शेतकरी, पाद्री, शिक्षक एकत्र आले आणि ‘गोवा बचाव अभियान’ उभं राहिलं. त्यांचं खरं काम नकाशा वाचण्याचं होतं. गावोगाव बैठका घेऊन, आराखड्याचं पान भिंतीवर लावून, ‘हा तुमचा सर्वे नंबर, हा रंग, या रंगाचा अर्थ हा’ असं लोकांना दाखवलं गेलं. कुळाच्या शेतावर, देवळामागच्या डोंगरावर परस्पर वस्ती रंगवलेली पाहिली की माणूस वेगळ्याच रागाने पेटतो. २६ जानेवारी २००७ ला आराखडा मागे घेतल्याची घोषणा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबरला, गोव्यातले विशेष आर्थिक क्षेत्रांचे प्रकल्प रद्द करण्याची घोषणाही सरकारला करावी लागली.

पुढचं पाऊल त्याहून मोलाचं होतं. चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिदलाने २०२१ च्या आराखड्याची मांडणी केली आणि गावांकडून सूचना मागवल्या. शेती, खाडीकाठच्या खाजन जमिनी, जंगल, तीव्र उतार यांना पर्यावरण-संवेदनशील पट्ट्यांत घातलं. आपल्या देशात एका अख्ख्या राज्याच्या जमीन-नकाशावर गावांनी बोलावं, हे दुर्मीळच.

मग तो नकाशा मागच्या दाराने बदलायला सुरुवात झाली. नगरनियोजन कायद्यात २०१८ मध्ये कलम १६-बी आलं, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९-ए. आता सगळा आराखडा बदलण्याची गरजच उरली नाही. एकेका मालकाने अर्ज करायचा आणि त्याच्या तुकड्याचा रंग बदलून घ्यायचा. १७(२) मध्ये आराखड्यातल्या अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याचं कारण दिलं होतं. गोवा फाउंडेशन, गोवा बचाव अभियान आणि खाजन सोसायटी न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम आणि मार्गदर्शक सूचना रद्द केल्या. संपूर्ण आराखड्याविरुद्ध अख्खं गाव उभं राहतं. सुट्या सर्वे नंबरांच्या याद्या राजपत्रात एकामागून एक निघतात, तेव्हा रोज राजपत्र वाचणारी चार चिकाटीची माणसं लागतात. गोव्याकडे ती आहेत. बहुतेक तालुक्यांकडे नाहीत.

मोलेचा लढा कागद वाचण्याच्या याच शिस्तीतून जन्मला. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून रेल्वेचं दुपदरीकरण, चौपदरी महामार्ग आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प २०२० च्या टाळेबंदीत पुढे आले. नोव्हेंबर २०२० च्या पहिल्या रात्री चांदोरला रेल्वेमार्गाजवळ हजारो लोक जमले, ते दृश्य गाजलं. निकाल फिरवला तो मात्र कागदांनी. तीन वेगळे प्रकल्प म्हणून मांडलेल्या कामांचा एकत्रित परिणाम वनस्पतिशास्त्रज्ञ, वकील, स्थापत्यतज्ज्ञ, चित्रकार अशा तरुण मंडळींनी मांडून दाखवला. केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने तो गांभीर्याने घेतला आणि ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

आता जनसुनावणी. सामान्य माणसाला प्रकल्पावर अधिकृतपणे बोलण्याची कायद्याने दिलेली ही जवळजवळ एकमेव जागा. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतो, ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते. अहवालाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात ठेवलेली असते. पण स्थानिक भाषेत द्यावा लागतो तो फक्त सारांश. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. मांडवात बंदोबस्त असतो, पडद्यावर सल्लागार संस्थेचा माणूस तक्ते दाखवतो, गावकरी उठून आपली विहीर, आपली काजूची बाग, आपला वहाळ याबद्दल बोलतात. किती लोक हजर हवेत याची अट नाही, आणि लोकांनी नाही म्हटलं तर प्रकल्प थांबेल अशीही तरतूद नाही. एक तरतूद मात्र हत्यारासारखी आहे: झालेल्या बोलण्याचं इतिवृत्त त्याच दिवशी, तिथेच, स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. ज्या गावांनी ते वाचून घेतल्याशिवाय उठायला नकार दिला, त्यांच्या हरकती पुढे न्यायालयात जशाच्या तशा उभ्या राहू शकल्या.

दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याच्या लोकांनी खाणीविरुद्ध काय केलं नाही? बोलले, ठराव केले, मार खाल्ला, खटले अंगावर घेतले. खाण सुरू झाली. जुलै २०२१ मध्ये त्या खाणीत साचलेलं पाणी कड फोडून बाहेर पडलं आणि लाल चिखल घरांत, बागायतींत शिरला. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं हीच भीती बोलून दाखवली होती.

कोकणातल्या सड्यांबद्दल, म्हणजे कातळपठारांबद्दल, थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या रिफायनरीचा प्रश्न त्याशिवाय कळत नाही. एप्रिल-मे महिन्यात सड्यावर गेलात तर काळाभोर तापलेला कातळ दिसतो, एखादं करवंदीचं जाळं, बाकी काही नाही. महसूल दफ्तरात अशी जमीन पोटखराब म्हणून पडते आणि प्रकल्पाची जागा शोधणाऱ्याला ती ओसाड वाटते. पावसाळ्यात त्याच कातळावर बोटभर मातीत कीटकभक्षी सीतेची आसवं फुलतात, पांढऱ्या गेंदांचे ताटवे उठतात, पाऊस सुरू होताच दिपकाडीची फुलं येतात. दिपकाडी तर जगात याच पट्ट्यात वाढते. खळग्यांत पाणी साठतं, भेगांतून मुरतं आणि खालच्या वाडीच्या विहिरींना, झऱ्यांना उन्हाळ्यापर्यंत पुरतं. गुरं इथेच चरतात, कवळ-गवत इथलंच. बारसूच्या सड्यावर याशिवाय कातळशिल्पं आहेत, आणि कोकणच्या कातळशिल्पांची नोंद २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. दफ्तरातल्या नोंदीत यातलं काहीच नाही. तिथे जोवर हे उतरत नाही, तोवर सडा रिकामाच दिसणार.

नाणारची रिफायनरी वर्षाला सहा कोटी टन क्षमतेची होती. भूसंपादनाची अधिसूचना २०१७ मध्ये निघाली आणि गावांच्या एकजुटीपुढे, निवडणूक तोंडावर असताना, मार्च २०१९ मध्ये मागे घेतली गेली. प्रकल्प शेजारच्या बारसूकडे सरकला. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाची वाहनं आली तेव्हा बायका तापलेल्या रस्त्यावर आडव्या झाल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, कार्यकर्त्यांना तालुकाबंदीच्या नोटिसा गेल्या. त्याआधी फेब्रुवारीत रिफायनरीविरुद्ध लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना राजापुरात गाडीने चिरडण्यात आलं आणि खुनाचा गुन्हा नोंदवावा लागला. स्थानिक चळवळीची किंमत कोण मोजतं, याचा हिशेब या एका तालुक्यात उघडा पडलेला आहे.

वेळ मिळवणं हीसुद्धा कमाई असते, हे रायगडने दाखवलं. पेण, उरण, पनवेल तालुक्यांतल्या ४५ गावांवर महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रकल्प, येऊ घातला होता. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि गावोगावचे शेतकरी उभे राहिले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला सरकारने चक्क जनमत घेतलं, आणि कौल विरोधात गेला हे गुपित राहिलं नाही. सरकारने निकाल मान्य करून प्रकल्प रद्द केला असं झालं नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात संपादनाचा निवाडा दोन वर्षांत द्यावा लागत असे. लोकांनी ती मुदत उलटेपर्यंत तग धरला आणि २००९ मध्ये संपादन आपोआप व्यपगत झालं. भातशेती वाचली ती कायद्याच्या एका तारखेमुळे, आणि ती तारीख गावातल्या माणसांना तोंडपाठ होती.

डहाणूची कहाणी आणखी लांब. १९९१ मध्ये तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवण बंदर नाकारलं. एका नकाराने मच्छीमारांची गावं, साचे (डाय) बनवणारे कारागीर, चिकूच्या वाड्या यांना पाव शतक मिळालं. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने बंदराला संमती दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ७६,२२० कोटींच्या बंदराचं भूमिपूजन झालं. समुद्रात भराव टाकून हजारावर हेक्टर जमीन तयार होणार आहे. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ म्हणणारे लोक अजून लढत आहेत. संस्था एका माणसाच्या ताठ कण्यावर उभी असेल तर ती त्याच्यामागे तशीच उभी राहील असं नाही.

या सगळ्याविरुद्ध घेतला जाणारा एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. कोकणातली वाडी ओस पडते आहे, मुलगा मुंबईला वॉचमनची नोकरी करतो, आणि तुम्ही त्याला सड्यावरची फुलं दाखवता? पुण्यात वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला विरोध करणाऱ्यांनाही खात्यापित्या घरचे लोक म्हणून हिणवलं गेलं. आक्षेपात तथ्य एवढंच, की गावातल्या तरुणाला काम हवं, आणि चळवळीने त्या कामाबद्दल बोलायला हवं. पण आंबा-काजूवर प्रक्रिया, मासेमारी, घरगुती पर्यटन यांवर आज जगणाऱ्यांचा रोजगार प्रकल्पाच्या ताळेबंदात कधी मांडलाच जात नाही. येणाऱ्या नोकऱ्या मोजल्या जातात, जाणाऱ्या नाहीत. टेकड्यांचं म्हणाल, तर पुण्यात समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण यावं यासाठी नागरिक दशकाहून जास्त काळ झगडले. ते आरक्षण २०१५ मध्ये पक्कं झालं. टेकडीवर मुरलेलं पाणी पायथ्याच्या झोपडीतल्या बोअरलाही मिळतं.

सगळ्यात भक्कम पाया मला दिसतो तो ग्रामसभेचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि बांबू स्वतः विकला. तिथे गावाला विचारल्याशिवाय जंगलात काही करता येत नाही, कारण हक्काचा कागद गावाच्या हातात आहे. सिंधुदुर्गात पंचवीसेक ग्रामसभांनी ‘आमचं गाव पर्यावरण-संवेदनशील जाहीर करा’ असे ठराव करून माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीकडे दिले. त्या समितीचा ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला अहवाल सरकारने दडवून ठेवला आणि माहिती अधिकारातून झगडून तो २०१२ मध्ये बाहेर काढावा लागला. लोकांच्या भाषेत तो गावोगाव न्यायचा, त्यांच्याशी बोलून मग हद्दी ठरवायच्या, ही गाडगीळांची शिफारस होती. ती कोणी पाळली नाही. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाच्या चित्रांवरून पश्चिम घाटाचं ३७ टक्के क्षेत्र आखलं, आणि २०१४ पासून त्याच्या अधिसूचनेचे मसुद्यांमागून मसुदे निघाले. सहावा ३१ जुलै २०२४ ला आला, वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

आत्ताही दोन मोठे नकाशे तयार होत आहेत. कोकण किनाऱ्यावरच्या १,६३५ गावांसाठी मार्च २०२४ मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. साताऱ्यात कोयना, सोळशी, कास या परिसरातल्या गावांवर ‘नवीन महाबळेश्वर’ आखलं जात आहे आणि त्यातल्या २३५ गावांचा प्रारूप आराखडा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या राज्याच्या नगररचना कायद्यात अशा मसुद्यावर हरकतींसाठी ३० दिवस असतात. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरच्या माणसाने जिल्ह्याच्या गावी जायचं, मोठ्या कागदावर आपला गट नंबर शोधायचा, रंगाचा अर्थ लावायचा आणि लेखी हरकत द्यायची, हे सगळं त्या ३० दिवसांत. या गावांची पहिली मागणी साधी आहे आणि कोणत्याही कायद्याच्या आड येत नाही: प्रत्येक गावाचा स्वतंत्र नकाशा, गट नंबरांसह, मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, आणि तो समजावून सांगायला नियोजन प्राधिकरणाचा माणूस ग्रामसभेत हजर. मुदत त्या दिवसापासून मोजा.